पत्रा बसवला का?

फोक्सवॅगन बीटलचं इंजिन गाडीपासून वेगळं करायला चार बोल्ट सोडावे लागतात, ही माहिती कुणी कुणाला सांगायलाच नको होती. वायरी, पेट्रोलची नळी, ॲक्सिलरेटरची केबल, हीटरच्या तारा असं बरंच काही त्याआधी सोडावं लागतं; पण सांगणारा ते सांगत नाही आणि ऐकणाऱ्याला ते ऐकायचं नसतं. 'चार बोल्ट' एवढंच कानात राहतं. दुसऱ्या कुठल्याही गाडीचं इंजिन उतरवायचं म्हटलं की माणूस गॅरेजवाल्याला हात जोडतो. बीटलवाला बाह्या सरसावतो. जगभरात दोन कोटी पंधरा लाखांहून जास्त बीटल तयार झाल्या, त्यातली शेवटची 30 जुलै 2003 रोजी मेक्सिकोतल्या पुएब्लाच्या कारखान्यातून बाहेर पडली, आणि माझा असा संशय आहे की त्यातल्या निम्म्या तरी गाड्यांची इंजिनं कधी ना कधी कुणा हौशी माणसाच्या पडवीत उघडी पडून होती. कुणालाही जमेल असं यंत्र केलं की ते कुणीही करायला घेतं.

आमच्या सोसायटीत ते अण्णांनी करायला घेतलं.

अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. पाणी अडवण्यात, पाणी सोडण्यात आणि दोन्हींचे अहवाल वर पाठवण्यात हयात गेली. असा माणूस निवृत्तीनंतर ज्याला पाणी लागतच नाही अशा इंजिनाच्या प्रेमात पडला, यात नवल काही नाही. गाडी 1968ची, दीड हजार सीसीची, कुठल्याशा परदेशी वकिलातीतून निघून हात बदलत बदलत पुण्याला आलेली. ती निळा धूर सोडायला लागली तेव्हा अण्णा म्हणाले, "काही नाही हो, चार बोल्ट तर आहेत."

मदतीला बाबूमिस्त्री आला. रिक्षा आणि बुलेट यांच्या इंजिनांत त्याचं आयुष्य गेलेलं, त्यामुळे हवेवर थंड होणारं इंजिन त्याला नवं नव्हतं. त्या इंजिनाने असं आडवं पडून राहावं हे मात्र त्याला पटलं नव्हतं. माझ्याकडे टॉर्च धरायचं काम होतं. टॉर्च धरणारा बघतो सगळं आणि करत काही नाही, म्हणून असले लेख त्यालाच लिहिता येतात.

या इंजिनामागचा विचार सरळ होता. 1930च्या दशकात फर्डिनांड पोर्श यांच्या कचेरीत स्वस्त लोकगाडीची आखणी चालली होती आणि ती घेणाऱ्या जर्मन माणसाकडे गॅरेज असणार नव्हतं. गाडी रात्रभर थंडीत रस्त्यावर उभी राहणार. इंजिनात पाणी असलं तर ते गोठणार, फुगणार आणि लोखंड फोडणार. हवा गोठत नाही, उकळत नाही, गळत नाही, आणि तिची पट्टीही भरावी लागत नाही. फ्रान्झ झेवर राइमश्पीस नावाच्या अभियंत्याने आखलेलं ते चार सिलिंडरचं आडवं इंजिन, आकाराने वाढत आणि बारीकसारीक बदल पचवत, साठ वर्षांहून जास्त बनत राहिलं. पुण्यात पाणी गोठायचा प्रश्न नाही. त्यासाठी आधी ते नळाला यावं लागतं. हे वाक्य अण्णांसमोर बोलायचं नाही.

इंजिनाची मधली पेटी, म्हणजे क्रँककेस, मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची. वजनाला हलकी. पण मॅग्नेशियम एकदा पेटलं की त्यावर पाणी ओतून भागत नाही, उलट आग भडकते. म्हणजे चालताना पाणी नको, उभं असताना पाणी नको आणि जळत असतानाही पाणी नको. पाटबंधारे खात्याचा इतका सर्वांगीण अपमान दुसऱ्या कुठल्या यंत्राने केला नसेल.

बाकीच्या गाड्यांत ब्लॉक नावाचा एक ओतीव ठोकळा असतो आणि सिलिंडर त्यातच कोरलेले असतात. इथे ब्लॉकच नाही. चार सुटी बिडाची नळकांडी, बाहेरून फिनच्या चकत्या. एक टोक क्रँककेसच्या भोकात बसतं, दुसरं ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये, आणि दोन सिलिंडरांत मिळून एक हेड. सिलिंडरला स्वतःचा म्हणून एकही बोल्ट नाही. क्रँककेसमधून निघालेले लांब स्टड हेडच्या आरपार येतात, एका हेडला आठ. त्यांवर नट आवळले की सिलिंडर मधल्या मध्ये दाबून धरला जातो. हेड आणि सिलिंडर यांच्यात पॅकिंगही नाही, धातूवर धातू. स्वतःचा कसलाही आधार नसताना केवळ दोन्हीकडून दाब आहे म्हणून जागेवर टिकलेला हा घटक पाहून आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी बराच वेळ काही बोलले नाहीत.

नवे सिलिंडर आणि पिस्टन अण्णांच्या भाच्याने अमेरिकेहून आणले. पिस्टन ब्राझीलमध्ये बनलेले, विकत घेतलेले कॅलिफोर्नियात, आणि विमानातून आले ते मामींसाठी घेतलेल्या बदामांच्या पिशवीशेजारी झोपून. जुना बोअर 83 मिलिमीटरचा, नवा साडेपंच्याऐंशीचा. म्हणजे 1493 सीसीचं इंजिन जाता जाता 1584 सीसीचं होणार होतं. मुंबईच्या विमानतळावर एक्स-रेमध्ये ती चार नळकांडी दिसल्यावर अधिकाऱ्याने विचारलं, हे काय आहे? भाचा म्हणाला, मामाचं इंजिन. अधिकाऱ्याने त्याच्याकडे ज्या सहानुभूतीने पाहिलं, त्यावरून त्यालाही मामा असावा.

सोबत एक पुस्तकही आलं. जॉन म्यूर नावाचा अमेरिकन इंजिनियर लॉकहीडमधली नोकरी सोडून पुढे न्यू मेक्सिकोत जाऊन राहिला आणि 1969 मध्ये त्याने फोक्सवॅगन जिवंत कशी ठेवावी यावर पुस्तक लिहिलं. पायरी पायरीने, चित्रांसह, अत्यंत प्रेमळ. पण हे पुस्तक अव्वल मूर्खांसाठी आहे असं त्याने मुखपृष्ठावरच छापलंय. अण्णांनी पहिल्या दिवशीच त्याला खाकी कव्हर घातलं आणि वर 'यांत्रिकी - संदर्भ' असं लिहिलं.

पहिला घोळ दिशांचा. पिस्टनच्या माथ्यावर एक बाण कोरलेला असतो आणि तो फ्लायव्हीलकडे यायला हवा, कारण पिस्टनला रॉडशी जोडणारी गजन पिन नेमकी मधोमध नसते, किंचित बाजूला असते. बीटलचं इंजिन मागे असतं आणि त्याचं फ्लायव्हील गाडीच्या पुढच्या बाजूला. पण इंजिन टेबलावर असलं की गाडी कुठे असते? बाबूमिस्त्रीने यावर खास आपला तोडगा काढला. "अण्णा, फ्लायव्हील मारुतीच्या देवळाकडं आहे. बाण देवळाकडं करायचा. विषय संपला." दोन पिस्टन बसले. मग चेअरमनसाहेबांना गाडी काढायची होती म्हणून चौघांनी टेबल उचलून फिरवलं. तिसरा पिस्टन बाबूमिस्त्रीने श्रद्धेने देवळाकडे केला. अण्णांनी तो वेळीच पाहिला आणि श्रद्धा आणि संदर्भबिंदू यांतला फरक यावर छोटंसं व्याख्यान दिलं.

गजन पिन थंड पिस्टनमध्ये सहज जात नाही. पिस्टन साधारण 80 अंशांपर्यंत तापवला की भोक जरासं मोठं होतं आणि पिन अंगठ्याने आत सरकते. तापवायला गरम पाणी बरं, असं अण्णांनी ठरवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन वहिनींचं इडलीचं पातेलं उचललं. वहिनी काहीच बोलल्या नाहीत. पिस्टन बाहेर निघाल्यावर त्यांनी पातेल्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "ते आता खालीच ठेवा. तुमचं झालं ते." त्याच संध्याकाळी त्या खाली आल्या आणि टेबलावर, टेबलाखाली आणि सेक्रेटरींच्या स्कूटरवर पसरलेले नट, वायसर, सील आणि टॅपेट त्यांनी श्रीखंडाच्या डब्यांत भरून वर चिठ्ठ्या लावल्या. पुढे जे घडलं त्यात हे डबे महत्त्वाचे ठरले.

पिनच्या दोन्ही टोकांना जे लॉक बसतं ते बसवताना उडतं. ते उडून क्रँककेसच्या उघड्या भोकात पडलं तर सगळं पुन्हा खोलावं लागतं, म्हणून भोकात आधी फडकं कोंबायचं असतं. अण्णांनी जुनं धोतर कोंबलं. लॉक उडालं ते धोतरात नाही, जिन्याकडे गेलं.

रिंगा चढवण्याआधी एक मोजमाप असतं आणि ते करणाऱ्या माणसाचा खरा स्वभाव तिथे कळतो. पिस्टन अगदी वरच्या टोकाला आणायचा (या इंजिनात 'वर' म्हणजे एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे), सिलिंडर नुसता दाबून धरायचा आणि पिस्टनचा माथा सिलिंडरच्या काठापासून किती आत आहे ते बघायचं. साधारण एक ते दीड मिलिमीटर हवं. कमी असलं तर कॉम्प्रेशन वाढतं, इंजिन खडखडतं, तापतं. जास्त असलं तर चढाला गाडी उसासे टाकते. फरक मिटवायला सिलिंडरच्या बुडाशी पातळ शिमच्या चकत्या घालतात. बाबूमिस्त्रीने बोट फिरवून सांगितलं, "बरोबर आहे." अण्णांनी व्हर्नियर काढला. एकाच सिलिंडरवर अण्णांना एक आकडा आला, सेक्रेटरींना दुसरा आणि मला तिसरा. अण्णांनी तिन्ही नोंदवले, सरासरी काढली, आणि खाली सही करून तारीख घातली. बोट म्हणत होतं तेच बरोबर निघालं, पण बोटाची फाइल करता येत नाही.

रिंगा आणि सिलिंडर यांचं मात्र वेगळं आहे. तिथे विनोद कमी आणि शिव्या जास्त. पिस्टन कनेक्टिंग रॉडच्या टोकाला लोंबकळतो आणि बाजूने सिलिंडर त्याच्यावर सरकवायचा असतो. रिंगा स्वभावाने बाहेर येणाऱ्या; त्यांना पट्ट्याने आवळून धरायचं, आणि तो पट्टा नंतर उघडून काढता आला पाहिजे, नाहीतर तो कायमचा आतच राहील. रिंगांच्या फटी एका रेषेत येऊ द्यायच्या नाहीत. तेलाच्या रिंगेची फट आकाशाकडे ठेवायची, कारण इंजिन आडवं आहे आणि तेल खालच्या अंगाला साचतं. शेजारी बसणाऱ्या दोन सिलिंडरांच्या सपाट बाजू एकमेकींकडे हव्यात. त्याच वेळी सिलिंडरच्या चार भोकांमधून चार स्टड गेले पाहिजेत. हे सगळं चालू असताना टॉर्चवाल्याने फक्त टॉर्च धरायचा असतो, आणि "रिंग बाहेर येतेय बघा" असं म्हणायचं नसतं, कारण ते त्यांना दिसतच असतं. बाबूमिस्त्री इथे खरा कारागीर दिसला. डाव्या तळहाताने पिस्टन उचलून धरला, उजव्या हाताच्या बुडाने सिलिंडरला हलकेच थापट्या दिल्या आणि चारही सिलिंडर ओळीने आत गेले. अण्णांनी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं, तो या सबंध कामातला माझ्या मते सर्वांत मोठा सन्मान.

सिलिंडरांच्या खालून पुशरॉडच्या नळ्या जातात, बाजूला चार. दोन्ही टोकांना वळ्या असलेल्या पत्र्याच्या. जुन्या नळ्या वर्षानुवर्षं दबून आखडलेल्या असतात, त्यांना हलकेच ओढून 190 मिलिमीटरच्या आसपास आणायचं, कारण हेड आणि पेटी यांच्यात त्या ताणाने बसल्या तरच सील घट्ट राहतं. शिवण वरच्या बाजूला. आता हेड घ्यायचं आणि एकाच वेळी आठ स्टडवर आणि चार नळ्यांच्या तोंडावर बसवायचं. तीन नळ्या बसल्या की चौथी सटकते. चौथी धरली की पहिलीचं सील पडतं. माणसाला दोनच हात का, हा प्रश्न तत्त्वज्ञांना पडला की नाही माहीत नाही, बीटलवाल्यांना नक्की पडलाय.

अखेर डाव्या बाजूचं हेड बसलं, तीन आणि चार नंबरच्या सिलिंडरांवरचं. नट घातले गेले, आणि इथे टॉर्क रेंच आला. आधी सगळे नट 10 न्यूटन-मीटरपर्यंत एका क्रमाने, मग क्रम बदलून 32 पर्यंत. बाबूमिस्त्रीला हा अपमान वाटला. "अण्णा, हाताला कळतं ना किती आवळायचं."

"तुमच्या हाताला कळतं. मॅग्नेशियमला कळत नाही."

हे अण्णांचं खरं होतं. स्टड पोलादी आणि ते ज्यात रुतलेत ती पेटी मऊ मॅग्नेशियमची. इंजिन तापलं की सिलिंडर आणि हेड फुगतात, स्टड बाहेर खेचले जातात. त्यात कुणी जोर दाखवून ठेवला असेल तर एक दिवस पेटीतले आटे चिमूटभर भुशासह स्टडच्या टोकाला बाहेर येतात. कंपनीलाही हे उमगलं आणि 1970च्या दशकात पेटीत पोलादी आट्यांच्या बुशी आणि 10 मिलिमीटरऐवजी 8 मिलिमीटरचे, जरा ताणले जाणारे स्टड आले. बारीक स्टडला नटही कमी आवळायचा, 25 न्यूटन-मीटर. जाडजूड वस्तू काढून बारीक घातली आणि काम सुधारलं, हे बाबूमिस्त्रीने कुणा दुसऱ्याकडून ऐकलं असतं तर मानलंच नसतं.

टॉर्क रेंच ठरलेला जोर आला की 'कट्' असा आवाज करतो. पहिल्या 'कट्'ला बाबूमिस्त्रीने हात सोडून दिला. "तुटलं." अण्णा म्हणाले, नाही, झालं. दुसऱ्यांदा कट्. "आता तुटलं." शेवटच्या नटापर्यंत त्याच्या चेहऱ्यावर दुखवट्याची कळा होती.

मग चहा आला. चहाबरोबर वहिनी आल्या आणि त्यांच्या हातात एक पत्रा होता. काळा, वीतभर, दोन बाजूंना वाकवलेला. "हा भंगारात टाकायचा का? याची चिठ्ठी 'डावीकडे, आधी' अशी आहे."

इंजिन बांधून झाल्यावर एखादी वस्तू उरली तर ती अनावश्यक होती हे सिद्ध करण्यात पुरुषांची बुद्धी जितकी चालते तितकी ती मूळ कामात चालली असती तर वस्तू उरलीच नसती. बाबूमिस्त्री म्हणाला, रिक्षाला असला पत्रा नसतो. सेक्रेटरी म्हणाले, थंड प्रदेशासाठी असेल, आपल्याकडे काय गरज. चेअरमनसाहेब, ज्यांनी आयुष्यात स्वतःच्या गाडीचं बॉनेट उघडलेलं नाही, ते म्हणाले, "जादा दिला असेल हो. नव्या शर्टाच्या आत एक जादा बटण शिवलेलं असतंच की." यावर क्षणभर सगळ्यांच्या चेहऱ्यावर आशा उमटली, अण्णांच्यासुद्धा.

पण पत्रा जादा नव्हता. पंख्याची हवा वरून येते, सिलिंडरांच्या फिनमधून खाली जाते, आणि हा पत्रा खालून सिलिंडरांना बिलगून बसलेला असला तरच ती हवा सिलिंडरच्या पोटाकडून वळून जाते. तो नसला तर हवा सरळ खाली निघून जाते आणि सिलिंडरची खालची बाजू कोरडी तापते. तो बसतो सिलिंडर आणि पुशरॉडच्या नळ्या यांच्यामध्ये. म्हणजे हेडच्या आधी. म्हणजे सगळं पुन्हा.

त्यातून ही बाजू तीन नंबरची. 1971चं मॉडेल येईपर्यंत बीटलचा ऑइल कूलर पंख्याच्या पत्र्याच्या आतच, तीन नंबरकडे जाणाऱ्या हवेच्या वाटेत उभा असे. बाकीच्या सिलिंडरांना ताजी हवा, तीन नंबरला कूलरने आधीच तापवलेली आणि तीही थोडी. तोच आधी मरतो हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून काही डिस्ट्रिब्युटरमध्ये त्याची ठिणगी मुद्दाम काही अंश उशिरा पडेल अशी सोय होती. अन्याय दूर करायचा नाही, पण कामावर जरा उशिरा यायची सवलत द्यायची. अण्णांना ही पद्धत परिचयाची वाटली. कूलर बाजूला हलवायला मग बरीच वर्षं लागली. आता या गरीब सिलिंडरचा पत्राही काढून घ्यायचा म्हणजे फार झालं. अण्णा उठले. "सोडा नट."

सगळं खोलल्यावर सील चेपलेली निघाली, नवी लागणार होती. अण्णांनी सुरुवातीलाच दोन संच मागवले होते. कुठलीही गोष्ट दोन प्रतींत, ही खात्याची सवय जन्मभर लोकांनी हसण्यावारी नेली होती. त्या संध्याकाळी बाबूमिस्त्रीने दुसरा संच हातात घेऊन अण्णांना नमस्कार केला. उजवी बाजू लावताना तर बाबूमिस्त्री, अण्णा आणि सेक्रेटरी या तिघांनीही एकमेकांना न विचारता, पाळीपाळीने, तीच एक चौकशी केली. वरच्या गॅलरीतून वहिनीही करून गेल्या. टॅपेटची फट 0.15 मिलिमीटर लावली, अडीच लिटर तेल ओतलं आणि इंजिन गाडीत गेलं. चार बोल्ट.

चालू झालं तेव्हा त्याचा तो फटफटता, डबा वाजल्यागत आवाज पार्किंगभर घुमला आणि वरच्या मजल्यावरच्या एका आजोबांनी खाली डोकावून "झालं का बंद करा आता" असं म्हणून त्याचं स्वागत केलं. धूर गेला होता. मात्र उजवीकडच्या एका नळीच्या टोकाशी तेलाचा थेंब धरत होता. बाबूमिस्त्री खाली वाकला, पण अण्णांनी त्याला हात लावू दिला नाही. गळती शून्य दाखवणारा अहवाल खोटा असतो, हे आपण नोकरीत शिकलोय, असं ते म्हणाले. त्यांनी खाली चहाचं माप ठेवलं आणि वही आणली. थेंबांची नोंद आजही होते. चेअरमनसाहेबांनी पार्किंगमध्ये तेल सांडणाऱ्या वाहनांबद्दल नोटीस लावली, तिला अण्णांनी सोबत आलेख जोडून उत्तर दिलं; गळती ठरलेल्या मर्यादेत आहे.

बाबूमिस्त्रीने मागून नेलेला टॉर्क रेंच परत आलेला नाही. रिक्षाची हेडं तो आता त्याच्यावरच आवळतो. अडचण एवढीच आहे की समोर उभा असलेला रिक्षावाला 'कट्' ऐकतो आणि ओरडतो, "तोडलंस ना, भावा!", आणि मग बाबूमिस्त्रीला प्रत्येक नटामागे थांबून, तुटलं नाही, झालं, हे समजावून सांगावं लागतं. त्यामुळे एका रिक्षाला हल्ली दुप्पट वेळ लागतो, आणि त्याचे पैसे कुणी देत नाही म्हणून तो अण्णांवर चिडलेला असतो.